जांभळीखालचं पाणी

आक्काच्या डोळ्यांत घालायचे थेंब संपले होते, एवढंच निमित्त. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. शाहूवाडीच्या डोंगरात एका वस्तीवर एकटी राहते आणि गेल्याच महिन्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यामुळे सगळ्या नातेवाइकांच्या औषधांची कामं न सांगता माझ्याकडे येतात. "थेंब देऊन येऊ, तेवढीच डोंगराची हवा खाऊ," असं म्हणून आम्ही घरासकट निघालो.

घरासकट म्हणजे खरोखरच घरासकट. माझे यजमान, प्रसेनजीत, तीस वर्षं घाटातून ट्रक चालवत होते. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. ह्यांनी एक जुनी मिनीबस विकत घेतली आणि उचगावच्या एका वर्कशॉपमध्ये तिच्या पोटात पलंग, शेगडी, बेसिन, पंखा आणि छोटा कूलर बसवून घेतला. टपावर सोलरचे पत्रे. गल्लीत सगळे हसले. पण आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, एप्रिलमध्ये तिथे गादीवर पापड भाजून निघावा. म्हणून उन्हाळाभर आमचा मुक्काम बसमध्येच असतो. आम्ही दोघं, पैलवान आणि मोहरी.

पैलवान हा आमचा कुत्रा. नावावर जाऊ नका. पांढरा, झुबकेदार, मांडीवर मावेल एवढा, आणि पायरी चढला तरी धापा टाकणारा. मोहरी ही काळी मांजर, पाण्याचा एक शिंतोडा उडाला तर दिवसभर आमच्याशी बोलत नाही. बसमधलं आयुष्य सावलीच्या तालावर चालतं. सकाळी रंकाळा तळ्याच्या कडेला, दुपारी कळंब्याच्या आंब्याखाली. ऊन सरकलं की आम्ही सरकायचं. मी टपावरच्या मोकळ्या जागेत ओली पोती टाकायची, ह्यांनी ती वाळली म्हणून ओरडायचं, पैलवानानं कूलरसमोरची जागा कुणाला द्यायची नाही आणि मोहरीनं कोरड्या बेसिनमध्ये वेटोळं करून झोपायचं. सुखाचा संसार म्हणतात तो हाच, असं मला रोज एकदा तरी वाटतं.

तर आम्ही डोंगरात पोहोचलो तेव्हा दुपार चढली होती. आक्काच्या वस्तीकडे जाणारी वाट अरुंद, बस जात नाही. फाट्यावर एक भलीमोठी जांभूळ होती, तिच्या दाट सावलीत गाडी लावली. झाडाच्या बुंध्याशी जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, कोरडी, पाल्यानं भरलेली. वर फांद्यांवर वानरांचा कळप बसला होता. उघडी खिडकी दिसली की ही मंडळी आत शिरून तांदळाचा डबासुद्धा उघडतात, म्हणून मी सगळ्या काचा घट्ट लावून घेतल्या. कूलर चालू, पंखा चालू, वाडग्यात पाणी. दार लावताना पैलवानानं काचेला नाक टेकवलं.

"आलोच रे, थेंब देऊन येतो," मी म्हटलं.

आक्काला थेंब दिले, घालून दाखवले आणि उठले. आक्का दारात आडवी उभी.

"जेवल्याबिगर जायाचं न्हाय."

"आक्का, गाडीत कुत्रं-मांजर आहे."

"मग? त्येनी काय माळावर हाईत व्हय? थंड मिशन लावून बसलीत म्हणलीस की. माझ्या भावाला एक भाकरी खाऊ दे गं पोरी!"

तांदळाची भाकरी, वांग्याचं कालवण, ताक. मलाही भूक होती. कूलरसमोर पैलवान आपल्यापेक्षा सुखात आहे, असा विचार करून मी पाटावर बसले. दोन घास झाले असतील. ह्यांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि त्याच्याबरोबर काहीतरी टपकन ताटाशी पडलं.

लाल चावी.

ही चावी काय ते सांगते. ट्रकवाल्यांच्या गाडीत बॅटरी तोडायचा एक खटका असतो, त्याला कटऑफ म्हणतात. घाटात गाडी सोडून जाताना कुठे वायर चिकटून आग लागू नये म्हणून ड्रायव्हर तो फिरवतो आणि त्याची लाल चावी खिशात घालतो. तीस वर्षं ह्यांच्या हातानं हे केलेलं. डोक्याला विचारायची हाताला गरजच नाही. मी मागचं दार लावून खाली उभी होते, तेव्हा हे पुढच्या दारानं उतरले; उतरता उतरता सीटखाली हात गेला, चावी फिरली, खिशात आली. आणि ती चावी नसली की बसमध्ये साधा दिवाही लागत नाही. कूलर नाही, पंखा नाही. काचा बंद. दार बंद.

"अहो..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

हे आपल्या हाताकडे बघत राहिले. "मी... मी कवा काढली?"

आक्का भाकरी थापायची थांबली. "काय झालं? गाडी कुठं लावलीया?"

"फाट्यावर. जांभळीखाली."

"झुंबरबाईच्या जांभळीखाली?"

ती चुलीपुढून उठली. मला वाटलं घाबरली असेल, पण तिनं पिठाचे हात जोडले होते. "पळा," ती म्हणाली. "पळा, पर... भिऊ नगासा."

त्या चढावर आम्ही कसे पळालो ते आमचं आम्हाला माहीत. उन्हानं वाट पांढरी पडली होती. उन्हाळ्यात बंद गाडीत काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी वॉर्डात उष्माघाताची माणसं हाताळली आहेत. माणूस निदान ओरडतो, काच फोडतो. त्या एवढ्याशा जिवानं काय करायचं? मी पळता पळता नवऱ्याला तोंडाला येईल ते बोलत होते आणि रडत होते. हे एकदा पडले, गुडघा फुटला, तसेच उठले.

वळणावरून बस दिसली. सावली सरकली होती. सबंध बस उन्हात उभी होती.

जवळ गेलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती शांतता. झाडावर एकही वानर नव्हतं. भुंगा नाही, पाखरू नाही. ह्यांनी दाराच्या कडीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. आणि मग... आतून आवाज आला.

पाण्याचा. उंचावरून बारीक धार भांड्यात पडते तसा, संथ. आणि त्याच्या खालून कुणीतरी पुटपुटत होतं. म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"पी... पी माझ्या लेकरा... दमानं..."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हे दाराच्या किल्लीसाठी खिसे चाचपू लागले. मी काचेला कपाळ टेकवलं. बाहेरचा पत्रा पोळत होता, आणि काच गार होती. आतून धुकं धरल्यासारखी ओली. काही दिसेना. तेवढ्यात त्या ओलसर काचेवर, आतल्या बाजूनं, माझ्या तोंडासमोर एक तळवा टेकला. बोटं पसरलेली. तो हळूच खाली घसरला आणि गेला.

"उघडा... अहो, उघडा..."

दार उघडलं आणि गार हवा अंगावर आली. नव्या माठाचा वास, ओल्या गोणपाटाचा वास, आणि वाळ्याचा. आमच्या घरात वाळा नाही. पैलवान जमिनीवर आडवा पडला होता, केस अंगाला चिकटलेले, नखशिखांत भिजलेला. एक क्षण मला वाटलं, संपलं. मग त्याची शेपटी फरशीवर आपटली. एकदा, दोनदा. मी त्याला उचलून उराशी धरला. छातीला हात लावून ठोके बघितले, हिरड्या बघितल्या. सगळं ठीक होतं. मोहरी पलंगावर बसली होती, तीही चिंब, आणि ती चक्क गुरगुरत होती, मांडीवर बसल्यावर गुरगुरते तशी.

वाडगं काठोकाठ भरलं होतं. त्यात जांभळीचं एक हिरवं पान तरंगत होतं. आमच्या पाण्याच्या कॅनचं सीलसुद्धा तुटलं नव्हतं.

"वर बघ," हे कुजबुजले.

पंखा फिरत होता. लाल चावी ह्यांच्या मुठीत होती आणि पंखा फिरत होता. आम्ही दोघं आत आलो तसा तो मंद होत गेला आणि थांबला. पुढच्या पाळीची नर्स वॉर्डात आली की आधीची पदर नीट करून निघून जाते, तसा.

थोड्या वेळानं आक्का आली, कमरेवर पाण्याची कळशी घेऊन. पैलवान जिवंत दिसला तसे तिचे ऑपरेशनचे डोळे भरून आले. रडू नको म्हणून मी तिला रागावले, पण माझेही भरले होते. ती डोणीच्या काठावर टेकली.

"हितंच झुंबरबाईचं खोपाट व्हतं, पत्र्याचं," ती म्हणाली. "एक कुत्रं पाळल्यालं, पोटच्या पोरावानी. एक दिस लेकीकडं निघाली. बिबट्याचं भ्या, म्हणून कुत्र्याला आत घाटलं आन् वरनं कडी लावली. चैताचं ऊन. लगीच येणार व्हती. पर लेक म्हणली... जेवल्याबिगर जायाचं न्हाय."

हेच शब्द आक्कानं स्वतः तासाभरापूर्वी उच्चारले होते.

"मग?" मी विचारलं.

"परत आली तवा कुत्रं दाराला चिकटून पडल्यालं. नखं फळीत रुतल्याली. त्या दिसापास्नं तिनं हितं रांजण मांडला. माणूस, ढोर, कुणीबी यावं. त्या टायमाला आमच्या लोकास्नी वरनं पाणी वाढायची रीत व्हती, वंजळीत. हिनं तांब्या हातात दिला. मरस्तवर दिला गं." तिनं पदरानं डोळे टिपले. "तिचा नेम एकच. पाणी पिऊन जाताना डोणीत पाणी वतून जायाचं. मागनं येणाऱ्या मुक्या जीवासाठी."

आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. आम्ही बुद्धवंदना म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. हे तर असल्या गोष्टींवर भांडायला उठतात. पण त्या दिवशी ह्यांनी डोणीतला पाला हातानं काढला, आक्काची कळशी ओतली, आमचा सबंध कॅन ओतला आणि भर उन्हात टोपी काढून उभे राहिले.

"मावशी," ते म्हणाले, "लई उपकार झालं."

वारा अजिबात नव्हता. डोणीच्या पलीकडच्या काठाशी पाणी हललं. लप्... लप्... असा आवाज येऊ लागला आणि छोटी छोटी वलयं आमच्याकडे येत राहिली. पैलवान माझ्या हातातून खाली उतरला, डोणीपाशी गेला आणि शेपटी हलवत थोडा बाजूला सरकून बसला, मोठ्या कुत्र्याला जागा द्यावी तसा.

भीती वाटली का? वाटली. अजूनही दुपारी पंख्याचा आवाज बदलला की अंगावर काटा येतो. पण त्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी माझ्या मनात आहे. जिला मी कधी पाहिलं नाही, तिनं माझी लेकरं मला परत दिली. हे ऋण कुठे फेडायचं ते कळत नाही, म्हणून बसमध्ये ड्रायव्हरमागच्या सीटवर मी रोज एक तांब्या पाणी भरून ठेवते. तो कटऑफ ह्यांनी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. शक्यतो दोघांपैकी एक जण गाडीत थांबतोच.

पण परवा वेळ आली. कळंब्याला ओळखीच्यांकडे वास्तू होती, नव्या घराची. दोघांनीही या, असा आग्रह. बस आंब्याखाली लावली, जाळ्या तपासल्या, कूलर दोनदा बघितला. दार लावताना मी सवयीनं म्हटलं, "आलोच रे."

पैलवानाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो ड्रायव्हरमागच्या रिकाम्या सीटकडे मान वर करून बघत होता आणि त्याची शेपटी हलत होती. तांब्या आडवा होता, रिकामा. मी दार ओढून घेतलं. तेव्हा आतून, काचेच्या अगदी जवळून, कुणीतरी हलकेच बोललं.

"जावा... पर जेवाय थांबू नगासा."