पांढऱ्याची वाटी

चवथ तोंडावर आली होती. ‘आपला पाट परत आण,’ असं आमच्या ह्यांनी सांगितलं, म्हणून तिन्हीसांजेला मी शेजारच्या कृष्णनाथभावोजींच्या चित्रशाळेकडे निघाले. आमच्या मुळगावात घरचा पाट चित्रशाळेत द्यायचा आणि गणपती त्यावरच घडवून घ्यायचा. दिलेला पाट परत मागणं म्हणजे माणसाच्या ताटातलं काढून घेणं. पण यंदा अर्ध्या वाड्याने ते केलं होतं. शिमगा झाल्यावर भावोजींची बायको, प्रभावतीवहिनी वारली आणि भावोजींचे रंग मळले. पीतांबर खाणीच्या पाण्यासारखा तांबूस दिसायचा.

रंगवायचे भावोजी, पण रंग स्वच्छ राखायची ती. दर रंगाला वेगळा ब्रश, वेगळी पाण्याची वाटी. पांढऱ्याच्या वाटीला तर दुसऱ्या कोणाचा हात लागलेला तिला चालत नसे.

पायरीवर त्यांची सून गौरवी तांदूळ निवडत होती.

“न्या काकी, तुम्हीपण न्या. तुमचा पाट गेला की मामंजी चित्रशाळा बंद करणार. आणि आत्ता कुठे रंग पुन्हा लख्ख यायला लागलेत.”

“लख्ख? ब्रश तू धुतेस?”

“मी? मला आत घेतात कुठे. कडी लावून बसतात.”

मला काही ते पटलं नाही. कोणी बाई तर ठेवली नाही ना भावोजींनी? पुरुषाचं काय सांगावं. मी वळसा घालून मागच्या खिडकीशी गेले.

आत ओल्या मातीचा वास होता. भावोजी पाठमोरे, एका पीतांबराला पिवळा देत होते. देऊन झाला तसा त्यांनी न बघताच ब्रश मागे धरला. वाटीत पाणी खळबळलं... आणि ब्रश त्यांच्या हातात परत आला, स्वच्छ, टोक बोटांनी ओढून नीट केलेलं.

मागे कोणी नव्हतं.

“पाणी बदल गं...” ते हळूच म्हणाले.

माझी काकणं गजाला लागली.

“कोण? जानकीवहिनी?”

“पाट... न्यायला आले होते.”

त्यांनी दार उघडलं. चेहरा उतरला होता. “न्या. तुमच्या मूर्तीला अजून रंग लागलेला नाही. माती उतरवून देतो.”

कोपऱ्यातल्या आमच्या मूर्तीवरचं फडकं त्यांनी उचललं आणि हात तिथेच थांबला.

डोळे सगळ्यांत शेवटी लिहितात, म्हणजे ब्रशने काढतात. एकदा लिहिले की मूर्ती पाटावरून हलवत नाहीत. इथे करड्या, कच्च्या मातीत डोळेच तेवढे होते. पांढरा असा निर्मळ की बघवेना. बुबुळं अजून ओली.

“तुम्ही लिहिलेत?”

“नाही... आणि ती तर मूर्तीला कधी हात लावत नसे, वहिनी. ब्रश तेवढे धुवायची...”

पाट तिथेच ठेवून मी घरी आले. ह्यांना सांगितलं, नेता येणार नाही, डोळे लिहून झालेत. एवढंच सांगितलं.

गणपतीचे डोळे समोर बघतात. हे बाजूला वळले होते, मी उभी होते त्या खिडकीकडे. आणि मी तिथे उभी असताना मूर्तीवर फडकं होतं.