एका माणसाचा एकच फोटो

चौकीतल्या पोलिसाने खाकी पाकीट टेबलावरून तिच्याकडे सरकवलं आणि सहीची जागा दाखवली. आत तिच्या धाकट्या भावाचा कॅमेरा होता. वर्षभर तो यांच्या कपाटात पडून होता, कारण काय, तर तपास चालू आहे. भर दुपारी, भर चौकात गाडीने तिच्या भावाला उडवलं होतं आणि तिथे उभ्या असलेल्या एकाही शहाण्याने काही पाहिलं नव्हतं. हा यांचा तपास.

"आतला रोल धुतलात का कधी?"

"ताई, असले कॅमेरे आता कुणाला उघडता येतात?"

"मला येतात. फोटो स्टुडिओ आहे माझा. वर्षभरात एकदाही विचारावंसं नाही वाटलं?"

तो उगीचच कागद नीट करत बसला.

पाकिटावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: कॅमेरा एक, आकडा बारा. म्हणजे बारा फोटो काढून झालेले. कॅमेऱ्यावर मात्र छत्तीस दिसत होतं. खेळत बसले असणार मेले! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उघडेपर्यंत पाकिटाचं सील धड होतं, हे रस्त्यात तिच्या लक्षात आलं. पण सील लावणारे हेच आणि काढणारेही हेच, त्याचं काय कौतुक?

भाऊ पोटासाठी चष्मे विकायचा आणि उरलेल्या वेळात रस्त्यावरच्या लोकांचे फोटो काढायचा. घरच्या समारंभात कॅमेरा आण म्हटलं की हा गायब. त्याला हवा अनोळखी माणूसच, आणि एका माणसाचा एकच फोटो. दुसरा काढला की तो तोंड सजवतो, म्हणायचा. एक फोटो, अंगठ्याने रोल पुढे, की निघाला. जरा समोर बघून चाल, असं तिने त्याला शंभरदा बजावलं होतं. ऐकलं नाही गाढवाने. तो राग त्याच्या मरणानेही निवला नव्हता.

दुपारी स्टुडिओचं दार लावून तिने रोल धुतला. तिला एकच गोष्ट हवी होती. ती गाडी.

पहिल्या बारांत गाडी नव्हती. जांभई देणारा टपालवाला, भांडणारं जोडपं, छत्री झटकणारी बाई. त्याचे नेहमीचे लोक.

तेराव्यात आभाळ होतं आणि भोवती गोल करून वाकलेली माणसं. फोटो जमिनीवरून काढलेला. कॅमेरा पडताना बटण दाबलं गेलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. तिने चेहरे मोजले. तेवीस. यांनीच काही पाहिलं नव्हतं.

चौदाव्यात त्यातलाच एक चेहरा होता. पण चौकात नव्हे. घरात, पलंगावर, एका पायात मोजा आणि दुसरा हातात. पंधराव्यात एक बाई न्हाणीघरात केस पुसत होती. सोळाव्यात एक म्हातारा ताटावर बसलेला, घास हातात. सगळे फोटो खालून काढलेले, पडलेल्या माणसाला दिसेल तेवढ्या उंचीवरून. सगळे खाली, थेट भिंगात बघत होते, आणि एकाचंही तोंड मिटलेलं नव्हतं.

तेवीस फोटो. तेवीस माणसं. प्रत्येकाचा एकच.

हा कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने पुढे ओढावा लागतो. आपोआप काही होत नाही. हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मोजेवाल्याला ती ओळखत होती. चौकातला किल्लीवाला. माझी पाठ होती, असा त्याने जबाब दिला होता. प्रिंट ओलीच घेऊन ती त्याच्या टपरीवर गेली आणि त्याच्या यंत्रावर आपटली.

"पाठ होती ना तुमची?"

त्याने फोटो पाहिला. हातातली किल्ली खाली पडली, ती त्याने उचलली नाही.

"आवाज आला होता," तो म्हणाला. "मागच्या पावसाळ्यात. खट्, आणि मग काहीतरी ओढल्यासारखा. पलंगाखाली वाकून बघितलं. काही नव्हतं."

"त्या दिवशी काय बघितलंत, ते बोला."

"पांढरी गाडी होती, ताई. चालवणारा उतरला. तुमच्या भावाजवळ आला, वाकून बघितलं, पुन्हा जाऊन बसला. सगळ्यांनी बघितलं. म्हटलं, कशाला भानगडीत पडा."

"तो जिवंत होता तेव्हा?"

किल्लीवाल्याने मान खाली घातली. तिला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

"आमचे सगळ्यांचे काढले," तो पुटपुटला. "त्या गाडीवाल्याचा नाही काढला?"

"रोल संपला," ती म्हणाली.

म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

स्टुडिओत आल्यावर तिने कॅमेऱ्यात नवा रोल भरला. आकडा शून्यावर आणला. कॅमेरा टेबलावर ठेवायला गेली, मग थांबली आणि तो फरशीवर ठेवला.

"एक राहिलाय," ती मोठ्याने म्हणाली. बाहेरून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने ते उघडलं. कॅमेरा ठेवला होता तिथेच होता. आकडा एकवर होता.

ती गुडघ्यांवर बसली. भिंगावर वाफ धरली होती, कुणीतरी अगदी जवळ वाकून श्वास सोडल्यासारखी. अजून ताजी होती.

तिने ती पुसली नाही.