सकाळी निळा पडणारा स्क्रीन

"ये गं लगेच. आज माझी नोकरी जाणार!"

मावशीचा फोन आला आणि भाची तशीच निघाली. भौतिकशास्त्राची पदवी मिळाल्यापासून घरात पंखा बिघडला तरी हाक तिलाच. मावशी मात्र एका फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर फोटो सुधारायची.

स्टुडिओतल्या टेबलावर गिऱ्हाइकांनी परत केलेल्या प्रिंटांचा ढीग होता. एकजात पिवळे चेहरे. अख्ख्या गावाला कावीळ झाल्यासारखे.

मालक डावा डोळा मिटून एक प्रिंट निरखत होते. "मला तर चेहरा नेहमीसारखाच दिसतो. पण सगळी गिऱ्हाइकं काही वेडी नसतात. बाई, उद्याचेही असेच आले तर तुम्ही घरी बसा."

ते आत गेले.

"सॉफ्टवेअर बदलून पाहिलंस?" भाचीने विचारलं.

"दोनदा काढून पुन्हा टाकलं. तसूभरही फरक नाही. मला चेहरे निळसर दिसतात, म्हणून मी पिवळा वाढवते. अजून काय करू?"

भाचीने कॅमेऱ्यातला, अजून हात न लागलेला एक फोटो स्वतःच्या फोनवर घेतला. फोनवर चेहरा नितळ गव्हाळ. स्क्रीनवर निळसर.

"फोटो ठणठणीत आहे, मावशी. खोट स्क्रीनमध्ये आहे."

स्क्रीनच्या कडेखाली बटणं होती. निळा रंग पार टोकाला नेलेला. तिने तो जागेवर आणला. मावशीच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने तिला पुन्हा बोलावलं. स्क्रीन परत निळा!

"स्टुडिओ कोण उघडतं?"

"मालक. झाडूही तेच मारतात."

"तुझ्या वाईटावर कोणी आहे का?"

"माझ्या? मला घालवून कोणाला काय मिळणार?" मावशीने डोळ्यांना पदर लावला.

बाहेर मालक रंगाऱ्यावर फोनवरून तडकले होते. डावा डोळा मिटून नव्याने रंगवलेल्या भिंतीकडे बघत म्हणाले, "पांढरा सांगितला होता, सायीसारखा पिवळट कसला फासलास?"

भाचीने भिंत पाहिली. बगळ्याच्या पंखासारखी पांढरी. ती मालकांकडे वळली.

"काका, सकाळी स्क्रीनला हात तुम्ही लावता?"

"रोज! कोरं पान उघडायचं, डावा डोळा मिटायचा, पांढरं दिसेपर्यंत बटण दाबायचं. हा उजवा माझा कॅमेऱ्याचा डोळा. जन्मभर चुकला नाही."

तिने कोरा कागद समोर धरला. "उजव्याने बघा. आता तो मिटा आणि डाव्याने बघा."

मालकांनी पाहिलं. मग म्हणाले, "कागद बदललास?"

"नाही, काका."

तिने कागद खाली ठेवला.

"उजव्या डोळ्यात बहुतेक मोतीबिंदू आहे," ती हळू म्हणाली. "तो सगळं पिवळट दाखवतो. दोन्ही उघडे असले की डावा सांभाळून घेतो, म्हणून कळलं नाही. पिवळेपणा घालवायला तुम्ही स्क्रीनवर निळा वाढवता. मावशीला चेहरे निळे दिसतात, ती फोटोत पिवळा ओतते. आणि छापून येतो तो पिवळाच. डॉक्टरांना दाखवा, ऑपरेशनने सुधारतं."

"कधीपासून असेल?"

"ते डॉक्टरच सांगतील."

"बाई," मालक मावशीकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून बटणाला तुम्हीच हात लावा."

नोकरी वाचली होती.

मालक भिंतीवरच्या, आपण काढलेल्या जुन्या फोटोंसमोर उभे होते. एकदा हा डोळा मिटत, एकदा तो.

"यातल्या कुठवरच्या फोटोंचे रंग खरे गं?" त्यांनी विचारलं.