एकावन्नावा ग्लास

दीपमाला, एक विचारू? माणसानं भरोसा कुणावर ठेवावा, आपल्याला चुकू देणाऱ्यावर, की चुकायच्या आधीच हातातलं काम काढून घेणाऱ्यावर? लगेच बोलू नको. लाईट येईपर्यंत ऐक. कंदील जरा इकडं सरकव.

तुझे आजोबा, आमचे अण्णा, वारले तेव्हा मी एकवीसचा. तेराव्याला काका-मामांनी या भांड्याच्या दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली, "आता तू मोठा झालास" म्हणाले, जेवले आणि गेले. कसला मोठा? माल कुठून येतो तेसुद्धा ठाऊक नव्हतं. भांड्यावर नाव टाकायचं मशीन उचललं की अण्णा म्हणायचे, "सरक, तुला न्हाई जमायचं." सगळं पोरपण मी नुसता सरकतच होतो.

महिनाभरात नीलाबाई आल्या. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला वाटायला एकावन्न ग्लास, प्रत्येकावर त्या नवऱ्याचं, ईश्वरप्पांचं नाव, आणि न्यायचे संध्याकाळच्या एसटीनं. बाजारचा दिवस नव्हता, मुखेडच्या रस्त्यावर दुपारी चिटपाखरू नव्हतं. मशीनची सुई स्टीलवरून सारखी घसरायची. कैलासवासी ईश्वरप्पा उताराला लागल्यासारखे खाली निघालेले. तिसऱ्या ग्लासाला लाईट गेली. वैतागून प्लग उपटला आणि मागं माठाकडं गेलो.

तांब्या तोंडाला लावला, तोच... घर्रर्र.

मशीनचा आवाज. तापल्या स्टीलचा वास, आणि त्यात जर्द्याचा. अण्णांच्या जर्द्याचा.

बाहेर आलो. गादीवर कुणी नाही. मशीनची वायर गुंडाळून ठेवलेली, अण्णा गुंडाळायचे तशी. आणि पन्नास ग्लास तयार. माझे वाकडे तीनसुद्धा सरळ झालेले. प्रत्येक नावाच्या शेवटी अण्णांची ती वर वळलेली मुरड.

भीती नंतर वाटली, माय. आधी राग आला. मेल्यावरसुद्धा "सरक"च?

एक ग्लास कोरा राहिला होता. मशीनला हात घातला, तर ते कुणी तरी हळूच आपल्याकडं ओढून घेतलं...

"अण्णा," मी पुटपुटलो, "माझं मला चुकू द्या."

मी मशीन धरून ठेवलं. मग ओढ सुटली. लाईट आली. मी प्लग लावून नाव टाकलं, वाकडं.

संध्याकाळी नीलाबाईंनी नेमका तोच उचलला. "ह्यो कुणी केला रं?"

"मी."

"अन् बाकीचे?"

मी अण्णांची मुरड दाखवली; ती अख्ख्या मुखेडला ओळखीची. त्यांनी माझा वाकडा ग्लास पदरात गुंडाळला. "ह्यो वाटायचा न्हाई. घरात ठिवते. जित्या माणसानं केलेला हाय."

माझं अक्षर अजून तसंच आहे. ओळ खालीच जाते, तू हसतेस त्याला. उद्यापासून दुकानात तू एकटी बसणार. घाबरलीस, दिसतंय मला. "सरक" मी म्हणणार नाही, हे मी केव्हाच ठरवलंय. पण काल कंटाळून सोडले म्हणालीस ते अकरा डबे मी आज सकाळी पाहिले. सगळ्यांवर नाव पडलंय. ओळ खाली गेलेली, अगदी माझ्यासारखी.

काल मी दिवसभर लातूरला होतो. किल्ली तुझ्याजवळ होती. तरी माझाच हात तुझं काम ओढून घेतोय, असं दिसतंय.

म्हणून ही वही घे. रोज किती भांड्यांवर तू नाव टाकलंस आणि किती भांडी तुझ्या हातची नाहीत, दोन्ही लिही. आणि बापाला बरं वाटावं म्हणून त्यात एकही आकडा खोटा टाकू नको, माय.