अर्धी चावी

शहरातल्या कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी चारची वेळ दिली होती, तीसुद्धा तीन महिने थांबवून. रस्ता दोन तासांचा. म्हणून बाराच्या ठोक्यालाच मी लेकीला घेऊन भाऊजींच्या गॅरेजात जाऊन बसले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचे हे कामावर, तेव्हा भाऊजींच्या जुन्या व्हॅनमधून जायचं ठरलं होतं.

लेक सात महिन्यांची. जन्मली तीच आवाजाविना. रडू आलं की तोंड उघडायची, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण घशातून काही नाही. भाऊजी तिला गप्पूबाई म्हणत. सासूबाई म्हणत, "हिच्या आईनंच दोघींच्या वाटचं बोलून घेतलंय." मी हसायचे. रात्री मात्र लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचे.

त्या दिवशी व्हॅन चालू होईना. स्टार्टर नुसता फिरे, इंजिन काही पकड घेईना.

"टाकीतला पेट्रोल चढवणारा पंप गेला बहुतेक, वहिनी," भाऊजी म्हणाले. "पुढे बसा आणि चावी अर्धीच फिरवा. पंप धड असला तर दोन सेकंद घूं करतो आणि गप्प बसतो. मी मागे कान लावतो."

मागच्या सीटखालचं झाकण काढून ते आडवे झाले. लेक माझ्या मांडीवर झोपली होती. मी चावी अर्धी फिरवली.

घूंऽऽ... बारीक, एकसुरी. मग थांबलं.

"आला की आवाज!"

"कुठे? माझा कान टाकीवरच आहे."

"अहो, चांगला ऐकला मी."

"मग पंपाऐवजी तुमचाच कान बसवतो गाडीला."

थट्टा केली, पण माझ्यावर विसंबले. तिथंच चुकलं. पंप चालतोय असं धरून त्यांनी फिल्टर बघितला, फ्यूज बघितले, प्लग काढून, पुसून परत बसवले. तास गेला. शेवटी वैतागून पंपाच्या वायरींना तपासायचा बल्ब लावला. मी चावी फिरवली, मला परत घूं ऐकू आलं, पण पुन्हा थट्टा नको म्हणून बोलले नाही; बल्ब लागला. म्हणजे वीज पोचत होती. मग त्यांनी पंपच बाहेर काढला, पलीकडच्या बाकावर ठेवला, बॅटरीला थेट जोडला. पंप हलेना की डुलेना.

"मेलाय हा. आणि आज नाही, कधीचाच." त्यांनी वायरी सोडवल्या. "नवा आहे माझ्याकडे, लगेच बसवतो. चावी बंद करा तेवढी."

मी बंद केली. पण हात घामानं ओला, चावी घसरून पुन्हा अर्धी फिरली.

घूंऽऽ...

या वेळी भाऊजींनीही ऐकलं. ते हातातल्या पंपाकडे बघत राहिले.

"वहिनी... कुठून आला हा?"

मला कळलं होतं. माझी मांडी थरथरत होती. लेकीची छाती माझ्या पोटाला टेकलेली, आवाज तिथून येत होता. तिचे ओठ मिटलेले, डोळे मिटलेले.

खरं सांगते, मी आधी घाबरलेच नाही. मला हसू आलं. माझ्या पोरीचा आवाज! मी चावी बंद करून परत अर्धी फिरवली. दोन सेकंद. परत. दोन सेकंद. माणसाची हाव किती असावी? मी चावी पूर्ण फिरवली.

इंजिन चालू झालं.

टाकीत पंप नाही, नळी उघडी लोंबतेय आणि इंजिन सुरळीत चाललेलं. लेक घूं करतच होती. सूर वर नाही, खाली नाही. भाऊजींचे ओठ पांढरे पडले होते.

"बंद करा... वहिनी, बंद करा..."

मला अजून ऐकायचं होतं. सात महिने वाट पाहिली होती मी. किती वेळ ऐकत बसले कोण जाणे, मग तिच्या ओठांकडे लक्ष गेलं. निळे झाले होते. पोर श्वास आत घेतच नव्हती. नुसता बाहेर, बाहेर, बाहेर...

मी चावी उपटली. इंजिन गचका देऊन थांबलं. लेकीनं एक लांबलचक श्वास ओढला आणि झोपेतच कूस बदलली.

भाऊजींनी नवा पंप बसवला. चावी फिरवायच्या आधी मला लेकीसकट रस्त्यापलीकडे उभं केलं. व्हॅन एका झटक्यात चालू झाली. लेक टक्क डोळ्यांनी बघत राहिली, गप्प. वाटभर मी तिच्या छातीवर हात ठेवून होते. भाऊजी एवढंच म्हणाले, "दादाला यातलं काही सांगू नका."

चारला दहा कमी असताना पोचलो. डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या. कानामागे खुळखुळा वाजवला, लेकीनं मान वळवली. "कान तर छान आहेत हं बाळाचे." मग घसा बघायला टॉर्च घेऊन वाकल्या, आणि वाकल्या तशाच थांबल्या. नाक लेकीच्या तोंडाशी.

तेव्हा मलाही वास आला. टाकीचं झाकण उघडल्यावर येतो, तो.

डॉक्टरीणबाई हळूच मागे सरकल्या. टॉर्च हाताखाली झाकला, ठिणगी उडेल म्हणून विझवलासुद्धा नाही.

"सगळ्या खिडक्या उघडा," त्या नर्सला म्हणाल्या, अगदी दबक्या आवाजात. "दिव्याच्या बटणांना कुणी हात लावू नका... आणि बाहेर सांगा, काडी ओढू नका म्हणावं."