दादा पोचला

हे मी कुणाला पटवायला लिहीत नाहीये. पटवायचं त्राणच उरलेलं नाही अंगात. पण यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि ते माझ्याच घरात घडलंय.

मी भूजल मोजणीच्या ऑफिसात आहे. काम म्हटलं तर सोपं. विहिरींमध्ये वायरला बांधून एकेक यंत्र सोडलेलं असतं. ते पाण्याची पातळी मोजतं आणि बिनतारी संदेशाने आमच्याकडे पाठवतं. मी दिवसभर स्क्रीनवर त्या रेषा बघत बसतो. इतक्या सरळ रेषा, की बघता बघता डोळे मिटायला लागतात.

यंत्रांची देखभाल माझा मोठा भाऊ करायचा. "तू पंख्याखाली बसून पाणी बघ, मी उन्हात बसून बघतो," असं दादा मला चिडवायचा.

तिकडे मोबाईलला रेंज नसते. म्हणून त्याने एक युक्ती काढली होती. विहिरीवर पोचला की वायर हातभर वर ओढायची, जरा वेळ धरायची आणि सोडून द्यायची. इकडे माझ्या स्क्रीनवर पाणी एकदम उतरून परत चढल्यासारखं दिसायचं. रेषेला एक दात यायचा. एक दात म्हणजे, पोचलो. काम आटोपलं की दोन दात. म्हणजे, निघालो.

"पाण्याला दात कधीपासून यायला लागले?" साहेब खेकसायचे. मग मी गुपचूप ते पुसून टाकायचो.

पण त्याआधी घरी फोन करायचा.

"वहिनी, दादा पोचला."

"बरं."

एवढंच बोलणं. वर्षानुवर्षं.

उन्हाळ्यात एकदा खाणीजवळच्या विहिरीवरून एक दात आला. मी फोन केला. मग दोन दातांची वाट बघत बसलो...

ते आलेच नाहीत.

दादा विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेला सापडला. झाकणाची किल्ली मुठीत तशीच होती. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. फार त्रास झाला नसेल.

त्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं. सकाळी विहिरी, दुपारनंतर स्क्रीन. घरी गेलो की वहिनी दारातच उभी असायची. ती रडली नाही. जेवायला बसायची, पण घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा. ही अशीच झिजून जाईल, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला होता.

मग तो मंगळवार आला. दिवेलागणीची वेळ होती. ऑफिसात मी एकटाच. हिंडून हिंडून पाय ठणकत होते, डोळ्यांवर झापड येत होती...

शाळेमागच्या विहिरीच्या रेषेला एक दात आला.

हात आपोआप फोनकडे गेला.

"वहिनी, दादा पोचला."

"बरं," ती म्हणाली.

मी फोन ठेवला... आणि मला दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विहिरीवर गेलो. यंत्र बिघडलं असेल, अशी मनाची समजूत घातली होती. झाकणाचं कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली माझ्याच खिशात. कुलपावर कोळ्याचं जाळंसुद्धा शाबूत.

झाकण उघडलं...

वायरवर धुळीचा थर बसला होता. फक्त दोन ठिकाणी, मूठ मावेल एवढी जागा पुसलेली.

घरी येऊन मी म्हणालो, "वहिनी, काल माझं चुकलं. फार दमलो होतो गं."

"असू द्या, भाऊजी." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग दवाखान्याच्या आवारातली विहीर. मग मोठ्या रस्त्याच्या कडेची...

मी नकाशा बघितला नाही. गरजच नव्हती. दादाचा घरी यायचा रस्ता मला पाठ आहे.

घरी फोन करणं मी बंद केलं होतं. तरी दारात वहिनी विचारायची, "आज हे कुठवर आले?"

"कुणी येत नाहीये, वहिनी."

"चेहरा सांगतोय तुमचा."

त्या रस्त्यावरची शेवटची विहीर आमच्या घरामागे आहे. दादाने पहिलं यंत्र चाचणीसाठी तिथेच बसवलं होतं. ते काढून टाकायचं मी ठरवलं. पाना घेऊन गेलो, तर वहिनी आडवी आली.

"राहू द्या, भाऊजी. एवढंच एक बोलणं उरलंय आमच्यात."

माझा हात खाली आला. खरं सांगतो, तिच्याशी भांडायचंही बळ नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी घरामागच्या विहिरीची रेषा खाली गेली... थांबली... परत वर आली.

एक दात.

मी धावतच घरी आलो. दार उघडं होतं. स्वयंपाकघरातून वहिनीच्या हसण्याचा आवाज येत होता. कित्येक महिन्यांनी ऐकला तो आवाज.

"बसा भाऊजी, चहा झालाय."

टेबलावर तीन कप होते. दादाची खुर्ची मागे ओढलेली. मी माझा चहा खाली मान घालून संपवला. शेजारी बघायची हिंमत झाली नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. वहिनी नीट जेवते, गुणगुणते, रंगही पालटलाय तिचा. बघून बरं वाटतं. तरी मी रोज स्क्रीनसमोर बसून घरामागच्या विहिरीची रेषा बघतो. दोन दात यावेत म्हणून वाट बघतो. दादा माझा सख्खा भाऊ, तरी त्याने निघावं म्हणून वाट बघतो.

रेषा सरळ आहे.

आज ऑफिस सुटलं, सगळे गेले. मी इथेच बसून हे लिहितोय. आत्ताच वहिनीचा फोन आला होता.

"भाऊजी, निघालात का?... हे विचारतायत."