झाकलेली दाई

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझी ऑर्लीन मावशी उगाच काही रचून सांगणारी बाई नाही, एवढंच मी सांगू शकतो. हे घडलं ते अमेरिकेत, मिसिसिपीतल्या नॅचेझ गावात, १९९४च्या ऑगस्टमध्ये. तेही भर दुपारी.

मावशी गावच्या ग्रंथालयात, तळघरात कामाला होती. जुने कागद, जुन्या वस्तू जपून ठेवायच्या, हे तिचं काम. नवरा त्याच वर्षी गेला होता. मूलबाळ नव्हतं. काम संपलं तरी तिचा पाय घराकडे वळत नसे.

त्या महिन्यात ड्युवॉल घराण्याच्या पेट्या आल्या. एके काळी कापसाचे केवढे मळे होते त्यांचे, आणि राबायला शेकडो गुलाम. आता उरले होते एकटे म्हातारे लूशियस ड्युवॉल. पत्रं, मृत्युपत्रं, लग्नातला हातपंखा, गेलेल्या माणसांच्या केसांच्या बटा... सगळं त्यांनी देऊन टाकलं होतं.

आमच्या घरात त्या काळातलं कागदाचं चिटोरंही नाही. आमची माणसं त्या मळ्यांत राबणारी.

पेट्या आल्या आणि मावशीला आवाज येऊ लागला.

कोणीतरी गुणगुणत होतं...

बाईचा आवाज. बाळाला झोपवताना काढतात तसा.

पहारेकरी कर्टिस खाली येऊन कान देऊन गेला. "पाइप वाजतोय, मिस ऑर्लीन. इमारत तुमच्याहून म्हातारी आहे, कुरकुरणारच."

"पाइपला सूर असतो का रे?"

कर्टिस वर निघून गेला.

आवाज एका पेटीतूनच येत होता. मावशीने ती उघडली. आत मखमलीची डबी, आणि डबीत एक फोटो.

खुर्चीत आठेक महिन्यांचं गोरं बाळ. त्याच्या मागे...

डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कापडाने झाकलेलं कोणीतरी.

गुलामीच्या त्या काळात फोटो काढायला वेळ लागायचा. बाळ हलू नये म्हणून दाईला मागे बसवत आणि वरून कापड टाकत. दिसायचं ते फक्त बाळ.

पण हिचे हात दिसत होते. काळे, हाडकुळे. बाळाला घट्ट धरलेले.

मावशी घाबरली नाही. उलट तिला बरं वाटलं. ती डबा घेऊन त्या पेटीपाशीच जेवायला बसू लागली. नवऱ्याबद्दल तिच्याशी बोलू लागली. किती तरी दिवसांनी तिला सोबत मिळाली होती.

मग ड्युवॉलांचा फोन आला.

"मिस ऑर्लीन, डबीतला फोटो... ती अजून गुणगुणते का?"

मावशीने डबीकडे पाहिलं.

"मला तो परत हवाय," म्हातारा म्हणाला. "जन्मभर मी त्या आवाजावर झोपलो. आता घर खायला उठतं."

"तिचं नाव काय होतं, मिस्टर ड्युवॉल?"



"नाव... आम्ही दाईच म्हणायचो."

मावशीने फोन ठेवला. एवढी वर्षं ही बाई दुसऱ्याचं मूल धरून बसली आहे. आणि आपण तरी काय केलं? आपणही तिला गायलाच लावलं.

ती डबीजवळ गेली. हळूच म्हणाली, "बाई, हात भरून आले असतील तुझे. ठेव आता त्याला खाली. जा तू."

गुणगुणणं मध्येच थांबलं.

एक लांब सुस्कारा...

कापडाची सळसळ...

मग जिन्यावर अनवाणी पावलं. सावकाश. वर, आणखी वर.

वरून कर्टिसने हाक मारली. "मिस ऑर्लीन, बाहेरचं दार तुम्ही उघडलंत का?"

मावशीने फोटोकडे पाहिलं.

खुर्चीमागे कोणी नव्हतं. कापड खाली पडलं होतं. बाळ एका बाजूला कललेलं... तोंड उघडं... नजर दाराकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हाताऱ्याचा फोन आला.

"मिस ऑर्लीन, काल दुपारपासून घरात बाळ रडतंय. सगळ्या खोल्या पाहिल्या. कोणी नाही. तिला परत पाठवा हो."

"ती गेली, मिस्टर ड्युवॉल."

"मग त्याला उचलणार कोण?"

त्या थंडीत म्हातारा वारला. घराला कुलूप लागलं. फोटो अजून पेटीत आहे, कोणी मागत नाही.

मावशी आता थकली आहे. एकटीच राहते. दिवसभर टीव्ही मोठ्याने लावून ठेवते. मागच्या खेपेला मी विचारलं, "एकटं वाटतं म्हणून लावतेस का गं?"

तिने दाराकडे पाहिलं.

"नाही रे," म्हणाली. "बंद केला की... ते रडायला लागतं."